बालसंरक्षण समितीवर बाहेरचा तज्ज्ञ अध्यक्ष नेमताना: नाव सगळ्यात शेवटी

फोन बहुतेक वेळा आठवड्याच्या शेवटी येतो. "मॅडम, आमच्या बालसंरक्षण समितीचं अध्यक्षपद घ्याल का? सोमवारी पालकांना पत्रक द्यायचंय." मी एकच विचारते, "समितीचा ठराव झालाय का?" पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. मग उत्तर येतं, "ते करून घेऊ हो, आधी तुमचं नाव तर द्या."

इथंच घोडं पेंड खातं. आधी नाव ठरतं, मग समिती, मग कधीतरी अधिकार. असा अध्यक्ष फलकावर दिसतो, पण वेळ आली की त्याला ना कागद बघायला मिळतात, ना मुलांना एकट्यानं भेटता येतं. क्रम नेमका उलटा हवा: आधी अधिकार, मग पात्रता, मग निवड करणारे लोक, मग पडताळणी, आणि शेवटी नाव. हा लेख त्या क्रमानंच लिहिला आहे. शाळा, वसतिगृहं, क्रीडा प्रबोधिनी किंवा शिकवणी वर्ग चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थांचे विश्वस्त, मुख्याध्यापक आणि जागरूक पालक डोळ्यांसमोर आहेत. घाईत असाल तरी टप्पे गाळू नका. सगळं नीट केलं तर साधारण दोन ते तीन महिने लागतात.

## आधी खात्री करा: आपण कोणत्या समितीबद्दल बोलतोय?

एका शाळेत तीन-चार समित्या असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयानं आली. तिची रचना शासनानं ठरवलेली आहे, ती आपल्या मनानं बदलू नका. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ च्या कायद्यानं आलेली अंतर्गत तक्रार समिती वेगळी. तिथं अध्यक्षपदी त्या आस्थापनेतली वरिष्ठ महिला कर्मचारीच लागते. बाहेरची व्यक्ती तिथं सदस्य असते, अध्यक्ष नव्हे. बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याखालच्या नियमांनी सांगितलेली व्यवस्थापन समिती आणखी वेगळी.

आपण बोलतोय ती संस्थेची स्वतःची बालसंरक्षण समिती. संस्थेच्या सगळ्या शाखा, वसतिगृह, मैदान, वाहतूक या सगळ्यांवर मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीनं नजर ठेवणारी. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांनुसार शासनानं बालसंरक्षण धोरण आखायचं आणि मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ते स्वीकारायचं आहे. ते धोरण अमलात येतं की नाही हे बघणारी ही समिती. तिचं अध्यक्षपद कोणाला द्यायचं हे संस्था स्वतः ठरवू शकते, म्हणून बाहेरचा तज्ज्ञ बसवायला वाव इथंच आहे.

सावध: अंतर्गत तक्रार समितीलाच "मुलांचंही बघा" म्हणून काम वाढवून देऊ नका. मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची आधी समितीत चौकशी आणि मग पोलीस, ही चूक बहुतेक याच जोडकामातून होते.

## टप्पा १: विश्वस्त मंडळाचा ठराव

हा टप्पा मी सगळ्यात लांबवून सांगणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. माणूस कितीही करारी असला तरी कागदावर अधिकार नसेल तर वसतिगृहाचा अधीक्षकसुद्धा त्याला दारात अडवू शकतो.

ठरावात पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात.

पहिली, पोलिसांकडे थेट जाण्याची मोकळीक. अध्यक्षाला सचिवाची, मुख्याध्यापकाची, कोणाचीही परवानगी लागणार नाही. मात्र त्याच ओळीत हेही लिहा की समिती आहे म्हणून इतरांची जबाबदारी सुटत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली गुन्हा कळवण्याचं कर्तव्य ज्याला माहिती आहे त्या प्रत्येकाचं आहे. "मी अध्यक्षांना सांगितलं होतं" हा वर्गशिक्षकाचा बचाव होऊ शकत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा मानला, आणि अनेकदा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो असंही म्हटलं. हा निकाल विश्वस्तांच्या बैठकीत मोठ्यानं सांगा.

दुसरी, कागद आणि चित्रीकरण बघण्याचा हक्क. हजेरी, रजेचे अर्ज, कर्मचाऱ्यांच्या फायली, वाहनांच्या फेऱ्यांची नोंद, सीसीटीव्ही. "मागितल्यापासून २४ तासांत" अशी मुदत घाला. सीसीटीव्हीचं जुनं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून "अध्यक्षांनी सांगताच जतन करणं बंधनकारक" हे शब्द असूच द्या.

तिसरी, मुलांना कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत भेटण्याचा हक्क. इतरांना दिसेल, पण ऐकू जाणार नाही अशा जागी, आणि समितीची आणखी एक सदस्य नजरेच्या टप्प्यात असताना. अध्यक्ष बाहेरचा तज्ज्ञ आहे म्हणून त्याला हा नियम लागू नाही असं होत नाही.

चौथी, शिफारशीला लेखी उत्तर. एखाद्या कर्मचाऱ्याला मुलांपासून तात्पुरतं दूर ठेवा असं अध्यक्ष म्हणाले, तर ते त्याच दिवशी व्हावं. बाकीच्या शिफारशींना मंडळानं पंधरा दिवसांत हो किंवा नाही, कारणासह, लेखी कळवावं. ही अट नसेल तर शिफारशी कपाटात जातात.

पाचवी, अहवाल कोणाकडे? संपूर्ण विश्वस्त मंडळाकडे. सचिवामार्फत नाही.

सहावी, पैसा. मानधन, प्रवास, प्रशिक्षण, समुपदेशकाचं शुल्क यासाठी अंदाजपत्रकात वेगळं शीर्ष.

सातवी, काढायचं कसं. याचा नमुना आपल्या कायद्यातच आहे. २००५ च्या बालहक्क संरक्षण आयोग कायद्यानुसार आयोगाच्या अध्यक्षाला गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्याशिवाय, किंवा दिवाळखोरी, पदाचा दुरुपयोग, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा अशा ठरावीक कारणांशिवाय काढता येत नाही, आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तर नाहीच. तेच तत्त्व आपल्या ठरावात उतरवा: कारण लेखी, सुनावणी, आणि मंडळाच्या दोन-तृतीयांश सदस्यांचा होकार.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देते. आपल्या वकिलाला दाखवून वापरा.

> "ठरविण्यात येते की, संस्थेच्या बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष हे संस्थेशी कोणताही आर्थिक, कौटुंबिक अथवा सेवाविषयक संबंध नसलेले तज्ज्ञ असतील. बालकाविरुद्धच्या गुन्ह्याची माहिती पोलिसांना देण्यासाठी अध्यक्षांना अथवा कोणाही कर्मचाऱ्यास संस्थेच्या पूर्वपरवानगीची आवश्यकता राहणार नाही. समितीस माहिती दिल्यामुळे कोणाही व्यक्तीची कायद्याखालील वैयक्तिक जबाबदारी संपुष्टात येणार नाही. समिती गुन्ह्याचा तपास करणार नाही."

शेवटचं वाक्य काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. समितीचं काम मुलाला सुरक्षित करणं, कळवणं, पुरावा जपणं आणि संस्थेतल्या त्रुटी शोधणं. गुन्हा घडला का, कोणी केला, हे पोलीस आणि न्यायालय ठरवतील.

तपासा: ठराव बैठकीच्या इतिवृत्तात नोंदला आहे का? सह्या आहेत का? मुख्याध्यापकांना, अधीक्षकांना आणि क्रीडा शिक्षकांना प्रत मिळाल्याची पोच आहे का? तीनही उत्तरं "हो" येईपर्यंत पुढं जाऊ नका.

## टप्पा २: कोण चालेल, कोण चालणार नाही

पात्रतेचा निकष शोधायला लांब जायला नको. बालकल्याण समितीसाठी (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची कायदेशीर समिती) बाल न्याय कायद्याच्या कलम २७ मध्ये, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, मानवी विकास अशा विषयाची पदवी, आणि तिच्यासोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रातला सात वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय, अशी चौकट आहे. तीच घ्या. त्यात एक भर घाला: त्या व्यक्तीनं बोलायला घाबरणाऱ्या मुलासोबत प्रत्यक्ष काम केलेलं असावं. बालकल्याण समितीवर काम केलेली व्यक्ती, बालमनोविकारतज्ज्ञ, पोक्सो न्यायालयात मुलांच्या बाजूनं उभा राहिलेला वकील, बालगृहात वर्षानुवर्षं काम केलेली समाजकार्यकर्ती, विशेष बाल पोलीस पथकातून निवृत्त झालेली अधिकारी. अशी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, शोधावी लागतात.

आपल्या संस्थेचा प्रकारही बघा. निवासी संस्थेला रात्रीची व्यवस्था, मोठ्या मुलांनी लहानांना दिलेला त्रास, सुट्टीत घरी न जाणारी मुलं हे सगळं कळणारा माणूस हवा. कुस्ती, कबड्डी, जलतरण शिकवणाऱ्या ठिकाणी प्रशिक्षकाचा स्पर्श कुठं तंत्राचा आणि कुठं गैर, यावर न संकोचता बोलू शकणारा हवा. कर्णबधिर मुलांच्या शाळेत सांकेतिक भाषा जाणणारा, निदान स्वतंत्र दुभाषी आणण्याचा आग्रह धरणारा हवा. शाळेचाच शिक्षक दुभाषी झाला तर मूल त्याच्याचविषयी कसं सांगणार?

आता अपात्रता. ही यादी ठरावाला जोडा, नाव सुचण्याआधी:

- विश्वस्त, संचालक, मुख्याध्यापक यांचे नातेवाईक
- गेल्या पाच वर्षांत संस्थेकडून पगार, कंत्राट, शुल्क घेतलेले
- संस्थेचे वकील आणि लेखापरीक्षक
- मोठे देणगीदार, राजकीय पक्षाचे पदाधिकारी
- सध्या शिकणाऱ्या मुलाचे पालक
- सध्या बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळावर (मुलांवरच्या गुन्ह्याच्या आरोपांची प्रकरणं बघणारं मंडळ) असलेले, तसंच त्या जिल्ह्यातले सरकारी वकील
- मुलांशी गैरवर्तन, बालमजूर ठेवणं किंवा मानवी हक्क उल्लंघन यांचा पूर्वेतिहास असलेले

संस्थेच्या वकिलाचं नाव दहापैकी आठ ठिकाणी पहिल्यांदा सुचवलं जातं. "कायदा त्यांना माहीत आहे." आहे, पण त्यांचं कर्तव्य त्यांच्या अशिलाशी, म्हणजे संस्थेशी आहे. मुलाचं हित आणि संस्थेचं हित समोरासमोर आलं की ते कोणाकडे उभे राहतील हे त्यांच्या व्यवसायानंच ठरवून टाकलं आहे. त्यात त्यांचा दोष नाही, पण या खुर्चीत ते नकोत.

बालकल्याण समितीच्या विद्यमान सदस्याचं नावही लोकांना सुरक्षित वाटतं. पण आपल्या शाळेतलं मूल उद्या त्यांच्याच समोर उभं राहणार आहे. तेव्हा त्यांना बाजूला व्हावं लागेल, आणि आपल्याला नेमकी त्या दिवशी त्यांची गरज असेल. जिल्ह्यातल्या बालसंस्थेच्या व्यवस्थापनात असलेल्यांना २०२१ च्या दुरुस्तीनं बालकल्याण समितीवर अपात्र ठरवलं आहे, तेही याच विचारानं.

## टप्पा ३: निवड करणारे तिघे

अध्यक्ष निवडण्याचं काम एकट्या सचिवाकडे गेलं की स्वातंत्र्य तिथंच संपलं. राज्य बालहक्क आयोगाच्या अध्यक्षासाठीसुद्धा कायद्यानं तीन जणांची निवड समिती सांगितली आहे. बालकल्याण समितीच्या निवडीसाठीच्या आदर्श नियमांत तर निवड समितीचं प्रमुखपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे आहे. आपल्याला एवढा डोलारा नको, पण तिघांपैकी दोघे बाहेरचे हवेत. एक विश्वस्त, समाजकार्य महाविद्यालयातले एक प्राध्यापक, आणि एक निवृत्त न्यायिक अधिकारी किंवा बालरोगतज्ज्ञ, असं त्रिकूट चालतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. इतर जिल्ह्यांत जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाला पत्र लिहा.

मुख्याध्यापक या तिघांत नकोत. ज्यांच्या कामावर अध्यक्ष नजर ठेवणार, त्यांनीच अध्यक्ष निवडायचा नसतो.

## टप्पा ४: जाहीर आवाहन

ओळखीतून नाव आलं तरी आवाहन जाहीर करा आणि त्या व्यक्तीला अर्ज करायला सांगा. तीन आठवड्यांची मुदत पुरते. शाळेचा फलक, स्थानिक वृत्तपत्र, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, समाजकार्य आणि मानसशास्त्राचे विभाग इथं आवाहन पोहोचवा. अर्जासोबत मागा: अनुभवाचा तपशील, दोन संदर्भ, संस्थेशी कोणताही संबंध असल्यास त्याची कबुली, आणि गुन्हे वा चौकशांबाबत स्वयंघोषणा.

एकच अर्ज आला तर मुदत वाढवा. एका अर्जातून होते ती निवड नसते.

## टप्पा ५: पडताळणी, मुलाखतीच्या आधी

पोक्सो नियम २०२० मधला तिसरा नियम मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळानं करायला सांगतो. त्यात क्रीडा प्रबोधिनी आणि पाळणाघरंही आली. अध्यक्ष कर्मचारी नसले तरी मुलांना एकट्यानं भेटणार आहेत, म्हणून तोच नियम त्यांनाही लावा. "एवढ्या मोठ्या माणसाला दाखला कसा मागायचा?" हा संकोच मी फार ऐकला आहे. खऱ्या तज्ज्ञाला याचा राग येत नाही. उलट तुम्ही मागितला नाहीत तर त्याला काळजी वाटते.

१. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो. अर्जदार अलीकडे दुसऱ्या राज्यातून आला असेल तर तिथलाही दाखला मागा.

२. व्यावसायिक नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची, डॉक्टर असल्यास वैद्यक परिषदेची, वकील असल्यास बार कौन्सिलची सनद. मूळ कागद पाहा, छायाप्रत ठेवून घ्या.

३. संदर्भांना फोन. ईमेल नको, फोनच. आणि आधीच्या संस्थेलाही, तिचं नाव संदर्भात दिलेलं नसलं तरी, उमेदवाराला सांगून.

तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पोलिसांच्या दाखल्यात नोंदलेलंच दिसतं. मुलांशी वावगं वागलेल्या अनेकांना संस्थांनी गुपचूप राजीनामा घेऊन, वर शिफारसपत्र देऊन पाठवलेलं असतं. म्हणून फोनवर एक प्रश्न जसाच्या तसा विचारा: "तुम्ही या व्यक्तीला तुमच्या संस्थेत पुन्हा मुलांसोबत काम द्याल का?" आणि मग थांबा. पलीकडचा माणूस अडखळला, विषय बदलला, "तसे ते विद्वान आहेत हो" म्हणाला, तर नोंद करा आणि आणखी दोन ठिकाणी विचारा.

तपासा: पडताळणी पूर्ण होण्याआधी कोणाचंही नाव पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेलं नाही ना? नाव फुटलं की माघार घेणं जवळपास अशक्य होतं.

## टप्पा ६: मुलाखत

"बालसंरक्षणाबद्दल आपले विचार सांगा" या प्रश्नाला भाषण मिळतं. प्रसंग द्या. पुढचे चार मी नेहमी सुचवते.

प्रसंग एक. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. चौथीतल्या मुलीच्या आईचा वर्गशिक्षिकेला फोन: "व्हॅनवाल्या काकांबद्दल ती काहीतरी सांगतेय." मुख्याध्यापक म्हणतात, संस्थाचालक परगावी आहेत, सोमवारी बघू. तुम्ही काय कराल?

योग्य उत्तरात या गोष्टी याव्यात: त्याच संध्याकाळी पोलिसांना कळवणं, आईला धीर आणि कायद्याची माहिती, व्हॅनचालकाला मुलांपासून दूर ठेवणं पण त्याला सामोरं जाऊन जाब न विचारणं, चित्रीकरण आणि फेऱ्यांची नोंद जपणं. "मी आधी त्या मुलीशी बोलून खात्री करून घेईन" हे उत्तर काळजीचं वाटतं, पण अनुत्तीर्ण करणारं आहे. मुलाला तेच तेच पुन्हा सांगायला लावणं हा त्रासच आहे, शिवाय पुढं न्यायालयात त्याच्या जबाबावर शंका घ्यायला जागा होते. "आपल्याकडे २४ तास असतात" हेही चूक. पोक्सोतली २४ तासांची मुदत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवण्यासाठी आहे. माहिती मिळालेल्या माणसाला थांबायची सवलत त्यात नाही. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणात माहिती असूनही शाळेनं पोलिसांना कळवलं नाही, याची मुंबई उच्च न्यायालयानं गंभीर दखल घेतली होती. उमेदवाराला हे ठाऊक असलंच पाहिजे.

प्रसंग दोन. तक्रार एका विश्वस्ताच्या भाच्याविरुद्ध आहे. विश्वस्त म्हणतात, "दोन दिवस द्या, आम्ही घरात बघतो." इथं उत्तरापेक्षा उमेदवाराचा चेहरा बघा.

प्रसंग तीन. सोळा वर्षांच्या मुला-मुलीचं प्रेमप्रकरण शिक्षकांना कळलं, आणि शरीरसंबंधांचा उल्लेख आहे. कायद्यात वयाची मर्यादा अठरा आहे आणि कळवण्याला अपवाद नाही. पण ते करताना दोन्ही मुलांची बदनामी, घरची मारहाण, शाळा सुटणं कसं टाळायचं? याचं सोपं उत्तर नाही. जो सोपं उत्तर देईल त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

प्रसंग चार. आठवीतला मुलगा मैदानावरच्या प्रशिक्षकाबद्दल सांगतो आणि सगळे हसण्यावारी नेतात. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. उमेदवार करतो का, ते कळेल.

यानंतर एक गोष्ट करा जी फार थोड्या संस्था करतात. चौदा ते सतरा वयाच्या सहा-सात मुलांसमोर उमेदवाराला दहा मिनिटं द्या: "ही समिती कशासाठी आहे ते यांना सांगा." निवड समितीनं मागं बसून ऐकायचं. काही जण भाषण देतात, काही मुलांना प्रश्न विचारू देतात. मुलांना नंतर एकच विचारा: "काही झालं तर यांना फोन करावासा वाटेल का?" त्यांचं मत बंधनकारक नाही, पण लेखी नोंदवा.

गुण प्रत्येकानं स्वतंत्रपणे, चर्चेच्या आधी लिहायचे. नाहीतर पहिल्यांदा बोलणाऱ्याचंच मत तिघांचं होतं.

## टप्पा ७: नेमणूकपत्र

मुदत तीन वर्षं, फार तर दोन वेळा. बालहक्क आयोगाच्या कायद्यात हीच मर्यादा आहे. मानधन ठरावीक ठेवा, बैठक आणि भेटीगणिक, प्रवासखर्चासह. "सेवाभावानं करतील" ही अपेक्षा मोठी चूक आहे. विनामूल्य आलेल्या माणसाला दर महिन्याला बोलवायला संस्था कचरते, आणि त्यालाही न येण्याचं निमित्त मिळतं.

गोपनीयतेची अट बहुतेक नेमणूकपत्रांत कुठल्या तरी कंपनीच्या करारातून उचललेली असते: "संस्थेची कोणतीही माहिती त्रयस्थास देणार नाही." जशीच्या तशी ठेवलीत तर अध्यक्षाचं तोंडच बांधलंत. तिच्याखाली हे वाक्य हवं: "ही अट पोलीस, बालकल्याण समिती, न्यायालय आणि बालहक्क आयोग यांना माहिती देण्यास लागू नाही." मुलाची ओळख मात्र कडेकोट जपायची. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखता येईल असं काहीच बाहेर जाता कामा नये.

सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं संरक्षण कलम १९ मध्येच आहे. तरी कोणी अब्रुनुकसानीचा दावा लावलाच तर वकिलाचा खर्च संस्था करील, हे पत्रात लिहा.

उपाध्यक्षही बाहेरचाच नेमा. ही गोष्ट राहून जाते आणि महागात पडते. अध्यक्ष आजारी पडले की "तोपर्यंत मुख्याध्यापक बघतील" असं ठरतं, आणि तो "तोपर्यंत" दोन वर्षं चालतो.

तपासा: पत्रासोबत टप्पा १ चा ठराव जोडला आहे का? अध्यक्षांनी ठराव वाचल्याची सही केली आहे का?

## टप्पा ८: पहिले नव्वद दिवस

*पहिला आठवडा.* मुलांशी ओळख. प्रार्थनेच्या वेळी, वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर, मैदानावर. मुलांच्या बोलीत. फलकावर अध्यक्षांचा फोटो, या कामासाठी घेतलेला वेगळा फोन क्रमांक, आणि १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) व ११२ (आपत्कालीन मदत) ठळक. फलक मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर नको, पाण्याच्या टाकीजवळ लावा. तिथं मूल कोणाच्या नजरेत न येता थांबून वाचू शकतं. तक्रारपेटीची किल्ली अध्यक्षांकडेच. दर आठवड्याला दोघांच्या समोर उघडायची आणि तारखेसह नोंद करायची.

*पहिला महिना.* परिसराची पाहणी. स्वच्छतागृहं, कपडे बदलण्याची खोली, गच्चीचा जिना, भांडारगृह, व्हॅनचा संपूर्ण मार्ग, वसतिगृहाचा व्हरांडा रात्री अकरा वाजता. नंतर फायली: कोणाची पोलीस पडताळणी झाली आहे, कोणाची नाही. शिक्षकांच्या फायली बहुधा पूर्ण सापडतात. सफाई, वाहन, सुरक्षा, स्वयंपाक यांतले कंत्राटी लोक आणि संध्याकाळी येणारे मानसेवी प्रशिक्षक यांच्या मात्र नसतात. कंत्राटदाराकडे बोट दाखवून चालत नाही. मूल आपल्या आवारात आहे.

*दुसरा-तिसरा महिना.* सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, कंत्राटींसह, पगारी वेळेत. जवळचं पोलीस ठाणं, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समिती यांना अध्यक्षांचं नाव कळवणारं पत्र. त्यांची मंजुरी लागत नाही, पण रात्री फोन करायची वेळ येईल तेव्हा आपण कोण हे त्यांना माहीत असेल.

आयोगाच्या कायद्यात दोन बैठकींत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको असं आहे. आपण पहिले सहा महिने दर महिन्याला बसा. इतिवृत्तात मुलाचं नाव कधीही लिहू नका, क्रमांक द्या. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही अध्यक्षांच्या कुलपात.

सावध: पहिल्या तिमाहीत तक्रारी वाढल्या तर घाबरू नका, आणि अध्यक्षांना "आमची बदनामी होतेय" म्हणून सुनावू नका. मुलांना पेटी विश्वासाची वाटू लागली की आधी दबलेलं वर येतंच. वर्षभर एकही चिठ्ठी आली नाही तर अध्यक्षांनी स्वतः जाऊन कारण शोधावं.

## टप्पा ९: अध्यक्ष गेले तर

मुदत संपण्याच्या सहा महिने आधी टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा. मध्येच पद रिकामं झालं तर नव्वद दिवसांत भरा. आयोगाच्या कायद्यानं हीच मुदत घातली आहे.

राजीनामा आला तर तो पूर्ण विश्वस्त मंडळासमोर वाचला जावा, कारणासह. "वैयक्तिक कारणास्तव" एवढंच लिहून दिलं असेल तर निवड समितीतल्या बाहेरच्या दोघांपैकी एकानं त्यांना भेटून विचारावं, कोणी अडवलं का, कोणता कागद दिला नाही, कोणती शिफारस अडली. उत्तर लेखी घ्या आणि पुढच्या अध्यक्षाच्या हातात पहिल्या दिवशी द्या.

त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, उपाध्यक्षांनी किल्ली, फोन आणि क्रमांकांची वही ताब्यात घ्यावी. पेटी दोघांसमोर उघडावी, आतल्या चिठ्ठ्या मोजाव्यात, आकडा लिहून दोघांनी सही करावी. फलकावरचा फोटो बदलावा आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगावं: नाव बदललं आहे, फोनचा क्रमांक तोच आहे.